तुम्ही विचारलंत म्हणून: तो खरंच वर्णद्वेषी आहे का?

एखाद्या नटाची किंवा खेळाडूची क्लिप फिरायला लागते. तिच्यात त्याने कुणाला रंगावरून शिवी हासडलेली असते, नाहीतर कुणाच्या वंशाची टवाळी केलेली असते. मग दोन दिवसांत मला हा प्रश्न येतोच. मी सिनेमा आणि क्रिकेटवर लिहिते, म्हणून मला विचारतात. "ताई, बोलला ते वाईटच, पण म्हणून लगेच तो वर्णद्वेषी ठरतो का?" विचारणाऱ्याचा त्या कलाकारावर बहुधा खूप जीव असतो, आणि प्रश्नामागची धास्ती मला कळते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

उत्तर आधीच सांगून टाकते. ज्या क्षणी तो तसं बोलला, त्या क्षणी हो. पुढेही तो तसाच राहिला का, हे त्याच्या नंतरच्या वागण्यावरून कळतं, आणि ते कळायला वर्षं जावी लागतात.

आता हे मी का म्हणते ते. 17 नोव्हेंबर 2006 ची रात्र. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेत क्रेमर नावाच्या शेजाऱ्याचं काम करून घराघरांत पोचलेला मायकल रिचर्ड्स हॉलिवूडच्या लाफ फॅक्टरीत स्टँडअप करत होता. प्रेक्षकांतल्या काही काळ्या माणसांनी मध्ये मध्ये आवाज केला आणि त्याचं डोकं फिरलं. काळ्या माणसांसाठीची जी सर्वांत घाणेरडी शिवी तिथली वर्तमानपत्रंही नुसती 'एन-वर्ड' म्हणून छापतात, ती तो माइकवरून पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. तीनच दिवसांनी डेव्हिड लेटरमनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात त्याने माफी मागितली आणि आपण वर्णद्वेषी नाही असंही सांगितलं. तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. आपण तसे नाही, असं त्याला मनापासून वाटत असणार.

पण त्या रात्री त्याने फक्त शिवी दिली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी आम्ही तुला उलटा टांगला असता, अशा अर्थाचंही तो ओरडला होता. मला शिवीपेक्षा हे वाक्य जास्त बोलकं वाटतं. 2006 मधून पन्नास वर्षं मागे गेलं की आपण मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला पळवून नेऊन ठार मारलं गेलं त्या काळात पोचतो. ते 1955 साल. आरोपी दोघेही गोरे होते आणि सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. रिचर्ड्सच्या मनात नेमका हा मुलगा असेल असं मी म्हणत नाही. पण तो काळ कुणासाठी कसा होता, त्यात कोण कोणाला टांगू शकत होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. राग आलेल्या माणसाला ओरडायला शंभर गोष्टी असतात. "गप्प बसा" म्हणता येतं, "बाहेर काढा यांना" म्हणता येतं. त्याने समोरच्याला गप्प करण्यासाठी त्याचा वंश निवडला, कारण त्याने सर्वांत खोल लागतं हे त्याला माहीत होतं, आणि ते वापरायला त्याची तयारी होती.

माझ्या लेखी ही तयारीच महत्त्वाची आहे. वर्णद्वेषी माणूस म्हणजे दिवसरात्र द्वेषाने धुमसणारा कुणीतरी, अशी आपली समजूत असते. तसा माणूस आपल्या आवडत्या नटात दिसत नाही, म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो. पण एवढ्या द्वेषाची गरजच नसते. एरवी सगळ्यांशी गोड असणारा माणूसही, आपली बाजू पडती आहे असं दिसलं की, समोरच्याच्या रंगावर बोट ठेवून त्याच्यापेक्षा वर चढू बघतो. त्याला वर चढवणारी ती उतरंड त्याने बांधलेली नसते. पण ती आहे आणि आपण तिच्यात कुठे आहोत, हे त्याला ठाऊक असतं.

सरफराज अहमदचं प्रकरण मला याच कारणासाठी पुन्हा पुन्हा आठवतं. जानेवारी 2019, डर्बनचा एकदिवसीय सामना. 204 धावांचा पाठलाग करताना दक्षिण आफ्रिकेचे 80 वर पाच गडी बाद झाले होते आणि मग अँडिले फेहलुक्वायो आणि व्हॅन डर डुसेन यांची जोडी फुटेना. यष्टीमागून पाकिस्तानचा कर्णधार सरफराज फेहलुक्वायोला "अबे काले" म्हणाला, त्याच्या आईलाही त्यात ओढलं, आणि यष्ट्यांमधल्या मायक्रोफोनने ते जगभर पोचवलं. आयसीसीने त्याच्यावर चार सामन्यांची बंदी घातली. त्याने फेहलुक्वायोला भेटून माफी मागितली, हे चांगलंच केलं. पण आधीच्या खुलाशात तो म्हणाला होता की ते शब्द समोरच्या संघाने ऐकावेत, त्यांना ते समजावेत असा हेतू नव्हता.

हेतू तसा नव्हता हे मी मान्य करते. पण ज्याच्याबद्दल बोललं त्याला कळू नये असंच वाटत असेल, तर ते बोलणं कुणासाठी होतं? ज्यांना ती भाषा येते त्यांच्यासाठी. म्हणजे त्याचे खेळाडू, आणि टीव्हीसमोर बसलेले तुम्ही-आम्ही. आपल्याला ते वाक्य उलगडून सांगावं लागलं नाही. बहुतेकदा अशी वाक्यं आपसांतच बोलली जातात, तिसऱ्याच्या पाठीमागे, आणि म्हणून ती बोलणाऱ्याला निरुपद्रवी वाटतात. त्या दिवशी मायक्रोफोन चालू होता इतकंच.

मग कुणी म्हणतं, प्रेमाने म्हटलं तर? इथे डॅरेन सॅमीचं ऐकायला हवं. दोन वेळा, 2012 आणि 2016 मध्ये, वेस्ट इंडिजला ट्वेंटी-20 विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार. आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबादकडून खेळताना त्याला 'कालू' म्हणायचे. त्याचा अर्थ ताकदवान घोडा असा काहीतरी असावा, अशी त्याची समजूत होती. 2020 मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाची चर्चा सुरू झाली, भारतीय वंशाचा अमेरिकी विनोदवीर हसन मिन्हाज याचा एक कार्यक्रम त्याच्या पाहण्यात आला आणि त्याला खरा अर्थ कळला. त्याने सगळ्यांसमोर विचारलं: मला असं का म्हणत होता? हाक मारल्यावर हशा पिकायचा, आणि सहकारी खुशीत आहेत तर काहीतरी गमतीचंच असणार, असं तो तेव्हा धरून चालला होता, हेही त्याने सांगितलं.

मला या प्रकरणात सर्वांत जास्त दुखतं ते हे. तो त्यांच्याबरोबर हसत होता. चेष्टा करणारे नेहमी हाच पुरावा देतात की "अहो, तोसुद्धा हसायचा!" परक्या देशात, परक्या भाषेत, संघात सामावून जाऊ बघणारा माणूस हसणार नाही तर काय करणार? पुढे एका सहकाऱ्याशी त्याचं बोलणं झालं आणि त्यामागे आपुलकीच होती असं सॅमीने स्वतः सांगितलं. मी ते मानते. आपुलकी होती आणि तरीही ते नाव त्याच्या रंगावरूनच पडलं होतं. कुठल्या गोऱ्या खेळाडूला त्याच्या गोरेपणावरून हाक मारून ड्रेसिंग रूममध्ये तसा हशा पिकवता आला असता, असं मला वाटत नाही. कारण त्या रंगात हसण्यासारखं काही आहे असं कुणाला शिकवलेलंच नसतं.

ठरवून, घोटून, तालीम करून केलेले विनोद ही वेगळी गोष्ट आहे. तिथे राग आला, तोंडून निसटलं, असं म्हणायची सोय नाही. वांशिक विनोद चटकन समजतो, कारण त्याचा निम्मा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच तयार असतो. अमुक लोक चिकट, तमुक लोक चोर, ढमुक लोक आळशी. विनोदवीर फक्त बटण दाबतो. मात्र याच साच्याला उलटं करून दाखवणारे, हसवता हसवता हसणाऱ्यालाच अवघडून टाकणारे विनोदही असतात, आणि ते मला मनापासून आवडतात. दोन्हींतला फरक कागदावर सांगता येत नाही. कोण सांगतंय, कोण हसतंय आणि कशाला हसतंय, हे पाहावं लागतं.

हे स्वतः विनोदवीरांनाच सर्वांत आधी कळलं. अमेरिकेतल्या तीन काळ्या विनोदवीरांचंच पाहा. रिचर्ड प्रायर ती 'एन-वर्ड'ची शिवी आपल्या कार्यक्रमांत सर्रास वापरायचा. 1979 मध्ये तो केनियाला जाऊन आला आणि त्यानंतर ती वापरायची नाही असं त्याने ठरवलं. क्रिस रॉकला 1996 मधल्या ज्या विनोदाने प्रचंड नाव मिळवून दिलं, त्यातही हीच शिवी होती. पुढे त्याने तो विनोद करणं थांबवलं, कारण काही वर्णद्वेषी लोकांना त्यातून ती शिवी वापरायचा परवानाच मिळाल्यासारखं वाटायला लागलं होतं. आणि डेव्ह शॅपेल 2005 मध्ये पाच कोटी डॉलरच्या घरातला करार आणि स्वतःचा चालता कार्यक्रम सोडून निघून गेला. एका वांशिक प्रहसनाच्या चित्रीकरणात एक गोरा माणूस ज्या पद्धतीने हसला, ते हसणं त्याला खुपलं, असं त्याने नंतर ऑप्रा विन्फ्रीला सांगितलं. तो माणूस त्याच्याबरोबर हसत नव्हता, त्याला हसत होता. एवढा पैसा समोर असताना एका हसण्याचा अर्थ इतक्या गंभीरपणे घेणारा माणूस मला फार मोठा वाटतो. विनोदाला बंधनं नकोत म्हणणाऱ्यांनी या तिघांकडे जरूर पाहावं. त्यांना कुणी बंदी घातली नव्हती.

ज्याला बोललं त्यानेच माफ केलं तर विषय संपतो, असंही मला ऐकवतात. शिल्पा शेट्टीचं उदाहरण देतात. जानेवारी 2007 मध्ये ब्रिटनच्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये तिथल्या रिअॅलिटी शोमधून प्रसिद्ध झालेली जेड गूडी आणि तिच्या मैत्रिणी शिल्पाशी ज्या तऱ्हेने वागल्या, त्यावर तिथल्या प्रसारण नियामकाकडे, ऑफकॉमकडे, 44 हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. जेडने तिला "शिल्पा पोपाडम", म्हणजे शिल्पा पापड, म्हटलं होतं. जेडचे स्वतःचे वडील मिश्रवंशीय होते, त्यामुळे ती वर्णद्वेषी कशी असेल, असंही तेव्हा बोललं गेलं. आणि शिल्पाने तर तिच्या मनात तसं काही नव्हतं असं म्हणून तिला मोकळं केलं. पुढच्याच वर्षी जेड भारतातल्या बिग बॉसमध्ये आली तेव्हा सूत्रसंचालक शिल्पा होती. त्याच घरात जेडला कर्करोगाची बातमी कळली आणि मार्च 2009 मध्ये ती गेली.

शिल्पाचं मन मोठं आहे, आणि माफ करायचा अधिकार तिचाच होता. पण ती माफी शिल्पाला जे सोसावं लागलं त्याची होती. ते दृश्य पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात किंवा कचेरीत ज्या इतर कुणाला त्याच सुरात हाक मारली गेली असेल, त्याच्या वतीने ती माफी देऊ शकत नव्हती. प्रसिद्ध माणसाचा शब्द एका माणसाला लागून थांबत नाही, म्हणून तर त्याची इतकी चर्चा करावी लागते.

नंतरच्या वागण्याबद्दल म्हटलं, ते आता सांगते. मे 2018 मध्ये अमेरिकी विनोदी अभिनेत्री रोझॅन बारने ओबामांच्या सल्लागार व्हॅलेरी जॅरेट यांना माकडांवरच्या एका सिनेमाशी जोडणारं ट्वीट केलं. त्याच दिवशी एबीसी वाहिनीने तिची जोरात चाललेली मालिका बंद केली. झोपेच्या गोळीच्या अमलाखाली ट्वीट केलं, असं ती म्हणाली. औषध बनवणाऱ्या सनोफी कंपनीला जाहीर करावं लागलं की वर्णद्वेष हा आमच्या कोणत्याही औषधाचा ज्ञात दुष्परिणाम नाही. कंपनीचं बरोबरच होतं. गोळीने जीभ सैल होईल, पण जे आत नाही ते ती कुठून आणणार?

याच्या शेजारी मी इंग्लंडमधला पाकिस्तानी वंशाचा क्रिकेटपटू अझीम रफिक याला ठेवते. यॉर्कशायर क्रिकेट क्लबमध्ये आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं, हे त्याने नोव्हेंबर 2021 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. दोनच दिवसांत त्याचेच 2011 चे ज्यूंविरुद्धचे संदेश बाहेर आले. तेव्हा तो एकोणीस-वीस वर्षांचा होता. तो म्हणाला: तो मीच आहे, माझ्याकडे काहीही सबब नाही. त्याने सोसलं ते त्यामुळे खोटं ठरत नाही. आणि सोसलं म्हणून ते संदेशही माफ होत नाहीत, हे त्याला स्वतःलाच कळलं होतं. इंग्लंडचा ऑली रॉबिन्सन त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटी पदार्पण करत असताना त्याची अठरा-एकोणिसाव्या वर्षीची वर्णद्वेषी ट्वीट्स सापडली. त्यानेही माफी मागितली, पण बरोबर "मी वर्णद्वेषी नाही" हे वाक्य होतंच. मला ते वाक्य असलेली माफी नेहमी कमी पटते. जखम दुसऱ्याला झालेली असते आणि माफी मागणारा स्वतःची तब्येत सांगत बसतो. तरीही अठराव्या वर्षीच्या शब्दांवरून तिशीतल्या माणसाचा निकाल लावू नये, एवढं मी रॉबिन्सनच्या बाजूने नक्की म्हणेन.

राहता राहिला शेवटचा भाग: "मग त्याचं काम पाहायचं की नाही?" हे ज्याचं त्याने ठरवावं. मी क्रेमर अजूनही पाहते. दारातून तो धाडकन आत येतो तेव्हा हसूही येतं. पण माझ्या शेजारी बसलेल्या कुणाला त्या रात्रीची क्लिप आठवून ते बघवत नसेल, तर मी टीव्ही बंद करते आणि "एवढं काय त्यात" असं म्हणत नाही.