मुल्कीला लाट नाही

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात दुपारी दोन ते साडेचार या वेळात कोणी कोणाकडे जात नाही. फोनसुद्धा करत नाहीत शहाणी माणसं. खिडकीचे पडदे ओढलेले, पंखा गरम वारा खाली ढकलतोय, जेवणातल्या शेंगाचटणीची चव अजून जिभेवर आहे. झोप येईपर्यंत काहीतरी वाचायचं असतं. मी मुल्कीच्या समुद्राचा अंदाज वाचतो.

मुल्की म्हणजे मंगळूरच्या थोडं वर, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथलं गाव. मी तिथे गेलेलो नाही. भाचा गेला होता दिवाळीच्या सुट्टीत, फळीवर उभा राहून लाटेवरून घसरत यायला शिकला (व्हिडिओ पाहिलाय, उभा राहतो न राहतो तोच पडतो), आणि परतताना आमच्याकडे उतरला तेव्हा माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून गेला. "मामा, लाटांचा पण अंदाज असतो, हे बघ." तो पुण्याला गेला, नोकरीला लागला, त्याचं सर्फिंग सुटलं. माझं सुटलं नाही.

सध्या मुल्कीला काहीच नाहीये. रोजच्या रकान्यात लाटेची उंची, एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी, वारा कुठून, भरती कधी, सगळं भरलेलं असतं. पण उंचीच्या खाली आकडा असा की नसल्यातच जमा. आणि त्याखाली कोणीतरी माणूस चार ओळी लिहितो. इंग्रजीत असतात, मतलब एवढाच: पुढचे चार दिवस विशेष काही नाही, सकाळी पाणी सपाट, दुपारनंतर वायव्येचा वारा, शुक्रवारी कदाचित गुडघ्याएवढी लाट.

मला या ओळी फार आवडतात. मोठ्या लाटा येणार असतील तेव्हा कोणीही लिहील हो. काही नसताना रोज सकाळी उठून काही नाही असं लिहायचं, तेही कालच्यापेक्षा वेगळ्या शब्दांत, याला कसब लागतं. सोमवारी 'शांत' लिहिलं की मंगळवारी 'बऱ्यापैकी शांत', बुधवारी 'नवशिक्यांना बरं'. आणि त्या शुक्रवारच्या 'कदाचित'ला तर तोड नाही. शुक्रवार येतो, गुडघ्याएवढी लाट येत नाही, आणि तो 'कदाचित' कुरकुर न करता रविवारवर जाऊन बसतो.

आमच्या गावाच्या वाट्याला असा सौम्य अंदाज कधी येत नाही. सोलापूर बातमीत येतं ते पारा ४३ च्या पुढे गेल्यावर. बातमी देणाऱ्या मुलीच्या आवाजात तेव्हा जरा उत्साह असतो, तो मला पटत नाही.

घरात हवामानाचं वेड वडिलांचं. सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांत शेवटी हवामान यायचं, तेव्हा आईनं भांडं आपटलेलं त्यांना चालायचं नाही. आधी कोकण, गोवा. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आम्ही सगळे मान खाली घालून चहा पीत ते ऐकायचो. आमच्या गल्लीतून कोणीही समुद्रात निघालेलं नसायचं. मग मध्य महाराष्ट्र. हवामान खात्याच्या विभागणीत सोलापूर मध्य महाराष्ट्रात, म्हणजे पुण्या-महाबळेश्वराच्या पंक्तीला, आणि 'मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी पाऊस' असं म्हटलं की वडील खिडकीतून कोरडं आभाळ बघून म्हणायचे, "आपल्याला मराठवाड्यात घाला की एकदाचं." दर पावसाळ्यात हे वाक्य व्हायचंच.

पण समुद्राचा वारा मला पहिल्यांदा लागला तो शाळेत. सातवी असावी. भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही हे दोघे विसरता येत नाहीत. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो, ते खारे. रात्री उलटं, जमीन लवकर निवते, वारा जमिनीवरून समुद्राकडे, ते मतलई. सरांनी फळ्यावर एक डोंगर, एक माड आणि बरेच बाण काढले. वर्गात समुद्र पाहिलेला फक्त एक मुलगा होता, आणि तो म्हणे उलटी झाल्यामुळे गाडीतच बसून राहिला होता. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "सर, सोलापूरला कुठलं वारं?"

सर खडू ठेवून म्हणाले, "सोलापूरला फुफाटा. पुढे लिहा."

आम्ही दोघं-तिघं मात्र तेवढ्यावर थांबलो नाही. पाणी म्हटलं की आमच्याकडे सिद्धेश्वर तलाव. मधोमध देऊळ, एका अंगाला भुईकोट किल्ला, एवढा मोठा जलाशय असून त्याला खारे वारे नसतील तर भूगोल खोटा. शाळा सुटल्यावर काठावर गेलो. एकाचा रुमाल तलावात बुडवून पिळला आणि दोन टोकांनी धरून उभे राहिलो. पाणी इकडे, जमीन तिकडे, वेळ दुपारची, म्हणजे वारा आमच्या तोंडावर यायला हवा. रुमाल बराच वेळ ढिम्म लोंबला. मग हलला, पण पाठीमागून, आणि त्याबरोबर भज्यांचा वास आला. एकजण म्हणाला हे मतलई. दुसरा म्हणाला, बे, अजून ऊन आहे, मतलई रात्री. वाद वाढला. देवळाकडून येणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, काय करताय रे पोरांनो, तर आम्ही म्हटलं वारा बघतोय. त्यांनी क्षणभर रुमालाकडे बघितलं, "बघा, बघा," म्हणाले आणि निघून गेले. अंधार पडेपर्यंत थांबलो असतो तर मतलई सापडलेही असते कदाचित, पण घरी मार होता.

ते वारे कामाला लागलेले मी पाहिले ते इतक्या वर्षांनी, मुल्कीच्या अंदाजात. फळीवाले सगळे सकाळी पाण्यात उतरतात, कारण तेव्हा जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहत असतो आणि येणाऱ्या लाटेचं तोंड धरून ठेवतो, ती उशिरा आणि सुबक फुटते. दुपार झाली की खारं वारं सुटतं, पाण्याचा चुरा होतो, मंडळी फळ्या काखेत मारून जेवायला जातात. म्हणजे सरांचे बाण बरोबर होते. फक्त माड जरा जास्त मोठा काढला होता.

कोणी म्हणेल, समुद्रापासून एवढ्या लांब बसून लाटांचे अंदाज वाचायचे हा काय छंद? त्यांना मी हैदराबाद दाखवतो. या देशाच्या किनाऱ्यांवर किती उंचीच्या लाटा येतील, उधाण कुठे, त्सुनामीचा धोका आहे का, हे सांगणारी सरकारी संस्था, इन्कॉइस, १९९९ पासून हैदराबादेत आहे. त्सुनामीचं इशारा केंद्रही २००७ पासून तिथेच. आणि हैदराबाद समुद्रसपाटीपासून आमच्यापेक्षा उंचावर! आम्ही साडेचारशे मीटरच्या आसपास, ते पाचशेच्या वर. तिथली मंडळी बिर्याणी खाऊन लाटा मोजतात, तर मी कडक भाकरी खाऊन वाचायला काय हरकत आहे. सोलापूरहून सरळ रेषेत बघितलं तर मावळतीला रत्नागिरी आणि उगवतीला हैदराबाद, दोन्ही पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. समुद्र आणि समुद्राचं ऑफिस यांच्या बरोबर मधे आम्ही आहोत.

समुद्रसपाटीवरून आठवलं. आमच्या स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, गावाच्या नावाखाली, समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लहानपणी मला वाटायचं, कोणीतरी मुंबईपासून रुळांवरून टेप टाकत आलं असेल. खरी गोष्ट त्याहून फार लांबची नाही. कराचीपासून ओडिशातल्या फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेतल्या, त्यातून सरासरी पातळी ठरवली, आणि तिथून डोंगरदऱ्यांतून लेव्हल घेत माणसं आतपर्यंत आली. १९०९ मध्ये ते काम जुळलं. तेव्हा समुद्र सोलापुरात पोचलेला आहेच, फलाटावर.

लाटांचा प्रवास तर त्याहून भारी. एप्रिल-मेमध्ये मुल्कीला वारा पडलेला असतानाही एकाएकी मोठ्या, संथ लाटा यायला लागतात. त्या तिथल्या नसतात. खाली, चाळीस अंश दक्षिणेच्याही पलीकडे, हिंदी महासागराच्या टोकाला कुठलंतरी वादळ झालेलं असतं. तिथून निघालेल्या, सोळा सोळा सेकंदांच्या अंतरानं चालणाऱ्या त्या लाटा ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास वेगानं सहा हजारांहून अधिक किलोमीटर कापून सहा दिवसांनी इथे पोचतात. पाणी जागच्या जागी वरखाली होतं. येतो तो नुसता हेलकावा. केरळात हा प्रकार जोरात झाला तर किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरतं, डोक्यावर ढगाचा टिपूस नसताना.

भरतीचा हिशोब मात्र कोकणातल्या माणसाला ॲपशिवाय येतो. तिथीची पाऊणपट करायची, संपलं. चतुर्थी असेल तर तीनला भरती, अष्टमीला सहाला. हे कळल्यावर मी आमच्या नळाला तिथी लावून पाहिली. नळाला चार दिवसाआड पाणी येतं, कधी पाच. कधी पहाटे, कधी रात्री अकराला. चंद्राचा काही संबंध आढळला नाही. बायको म्हणाली, "मोटर लावायला उठा आधी, चंद्र नंतर."

एवढं सगळं मी ज्याला सांगतो तो व्यंकटेश. शाळेपासूनचा मित्र, रुमालाचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. आता पूर्व भागात, म्हणजे सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, त्याचा टॉवेलचा कारखाना आहे. चादर करायचे त्याचे वडील. यानं टेरी टॉवेल धरला. सोलापूरचा टॉवेल परदेशात जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातले काही समुद्रकिनारी वाळूत अंथरायला जातात हे त्याच्याकडेच कळलं. लांबरुंद, भडक रंगांचे. त्याच्या मागावर निळ्या पाण्यातून उड्या मारणारे डॉल्फिन निघतात, माड निघतात, एकदा तर चक्क फळीवर उभा असलेला माणूस निघाला. मी हरखून विचारलं, हे कुठलं किनारपट्टीचं डिझाइन? तो म्हणाला, "पार्टीनं पाठवलं. फळीत दोन रंग जादा आहेत, परवडत नाही." नारळी पौर्णिमा असली तरी त्याच्या घरी समुद्राचा विषय निघत नाही, त्या दिवशी मार्कंडेय महर्षींचा रथ निघतो आणि पूर्व भागात पाय ठेवायला जागा नसते.

एकदा दुपारी मी त्याला सांगत होतो की फळीवाले लाट फुटा-मीटरात बोलत नाहीत, अंगावर मोजतात: घोट्याएवढी, गुडघ्याएवढी, कमरेएवढी, छातीएवढी, डोक्याएवढी. त्यांच्यात गुडघ्याएवढी म्हणजे कंटाळवाणी. कमरेला लागली की मजा. व्यंकटेश बीमचं, म्हणजे मागाच्या रुळावर गुंडाळलेलं, सूत चाचपत होता. तो म्हणाला, "आपण पण तसंच मोजतो की बे."

तो २०२० बद्दल बोलत होता. त्या वर्षी १३ ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. किनाऱ्यावर चढल्यावर ही वादळं विरतात, पण हे चालतच राहिलं. त्या रात्री हैदराबाद बुडालं. १४ तारखेला ते आमच्या डोक्यावर होतं. पुढे जाऊन अरबी समुद्रात उतरलं आणि तिथे परत जोर धरला; म्हणजे एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात जाताना वाटेत सोलापूर लागलं, एवढंच. नक्षत्र चित्रा. पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा, हे आमच्या आजीच्या तोंडी असायचं, सुगीचं कौतुक म्हणून. त्या चित्रांनी उभं सोयाबीन आणि काढून ठेवलेली उडदाची रास, दोन्ही नेली. उजनी भरलेली होती, भीमेला पाणी सुटलं, चंद्रभागेच्या वाळवंटातली देवळं बुडाली, आणि पंढरपुरात घाटाची भिंत कोसळून माणसं गेली.

व्यंकटेशचा कारखाना उतारावर. त्या दिवशी मी त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, घोट्याच्या वर आलंय. नंतर केला तर गुडघा. मग फोन त्याच्या मुलानं उचलला, बाबा बीम उचलून वर टाकतायत, कमरेला लागलंय, ठेवतो. मागे कुठेतरी तेलुगूत आरडाओरडा चालला होता. बाकी सगळं राहू दे, सूत वर काढा, असं असावं. तेवढं तेलुगू सोलापुरात कोणालाही कळतं.

नंतर शेड धुतली, मोटरी भरून आणल्या, सूत रस्त्याच्या कडेला दोरीवर वाळत घातलं. त्याचा रंग गेला तो गेलाच. पुढे शेडला नवा रंग दिला, पण कमरेच्या उंचीवरची एक गढूळ रेघ त्यानं हातभर तशीच ठेवलीय. रंगाऱ्याला सांगून ठेवलीय. रेघेवर तारीख आहे आणि तिच्या शेजारी पेन्सिलीनं तेलुगूत काहीतरी लिहिलंय. मला वाटलं देवाचं नाव असेल, किंवा वडिलांचं काही.

परवा विचारलं. म्हणाला, "काही नाही बे. त्या दिवशीचा सुताचा भाव."