फुलं येतात, मग मिरची का धरत नाही?

जिन्यात, वाण्याकडे, हळदीकुंकवाला, कुठेही भेटा, माझ्या खिडकीतली झाडं पाहिलेली माणसं हेच विचारतात. ‘रोप मस्त वाढलंय हो, पांढरी फुलंही भरपूर येतात, पण दोन दिवसांत देठासकट गळून पडतात. तुमच्याकडे कशा लागतात मिरच्या?’ तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. घराला बाल्कनी नाही, आणि गळतीच्या भीतीनं गच्चीवर कुंड्या ठेवू देत नाहीत. उरल्या खिडक्या. हॉलची दक्षिणेला, स्वयंपाकघराची पूर्वेला. त्यांच्या कडप्प्यावर माझी मिरचीची पाच झाडं आहेत, तीन ज्वाला आणि दोन लवंगी.

पहिल्या वर्षी माझंही तुमच्यासारखंच झालं होतं. फुलं यायची आणि सकाळी कडप्प्यावर पडलेली दिसायची. मला वाटलं, खत कमी पडतंय. माहेरच्या शेतातून युरिया आणला आणि थोडा थोडा घालत राहिले. झाड गडद हिरवं झालं, पानं तळहाताएवढी झाली आणि फुलंच यायची थांबली. युरियातलं नत्र जास्त झालं की मिरची पाल्यावर जाते. शेतकऱ्याची मुलगी असून हे माझ्या लक्षात आलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

उत्तर सापडलं ते वडिलांमुळे. त्यांची निफाड तालुक्यात द्राक्षाची बाग आहे, बांधावर घरापुरत्या मिरच्या असतात. दिवाळीनंतर ते आमच्याकडे आले, खिडकीशी उभे राहिले, झाडाकडे बघितलं, मग काचेकडे बघितलं आणि म्हणाले, ‘अगं, याला वारं कुठंय?’

सगळं त्या एका वाक्यात होतं. मिरचीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. फळ धरायला दुसऱ्या झाडाची गरज नसते. पण पराग सुटून शेजारच्या स्त्रीकेसरावर पडायला फूल हलावं लागतं. शेतात वारा हलवतो, मधमाशी बसते. बंद काचेमागे दोन्ही नाहीत. परागीकरण झालं नाही की झाड ते फूल सांभाळत बसत नाही, टाकून देतं.

तेव्हापासून रोज सकाळी दहा-साडेदहाला, फुलं उमलून कोरडी झाली की, मी प्रत्येक फुलाच्या मागच्या देठाला बोटानं हलकी टिचकी मारते. मिरचीचं फूल खाली तोंड करून असतं, त्यामुळे पराग आपसूक खाली झरतो. नीट पाहिलं तर निळसर जांभळ्या परागकोशांवरची पिवळट भुकटी बोटाला लागते. पाच झाडांना मिळून तीन मिनिटं लागतात. काहीजण रंगकामाचा मऊ ब्रश फुलातून फिरवतात, तेही चालतं. दुपारी तासभर पंखा हळू सोडला तरी बराच फरक पडतो. फूल धरलं की पाकळ्या सुकतात, पण देठ हिरवा आणि ताठ राहतो. देठ पिवळा पडला तर ते फूल जाणार.

मात्र टिचकी मारूनही फुलं गळत असतील, तर ऊन आणि दिवस पाहा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ‘खिडकीत भरपूर ऊन येतं’ असं सांगणाऱ्या बहुतेकांनी ते कोणत्या महिन्यात येतं हे पाहिलेलं नसतं.

नाशिक साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भरदुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला कललेला असतो, क्षितिजापासून जेमतेम 46-47 अंश वर. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन तिरपं होऊन खोलीत पार आतपर्यंत येतं. तेच 20-21 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपल्याकडचा शून्य सावलीचा दिवस तो. तिथून साधारण 23 जुलैपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे बाहेर रणरणतं ऊन असलं तरी दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. पूर्वेची खिडकी मात्र बाराही महिने सकाळचं ऊन देते. पश्चिमेची मी मिरचीला वापरणार नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी त्या काचेमागे भट्टी होते.

आता तापमान. मिरचीचं फूल दिवसा 35 अंशांच्या पुढे टिकत नाही आणि रात्री 15 च्या खाली गेलं तरी टिकत नाही. म्हणून आपल्या उन्हाळ्यात फुलं गळणारच, त्यात तुमची चूक काहीच नाही. हिवाळ्यात मात्र घर शेतावर मात करतं. निफाडला थंडीच्या लाटेत पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, वडिलांच्या बांधावरच्या मिरच्या आखडून बसतात. त्याच रात्री माझी झाडं काच लावलेल्या खिडकीत उबेला असतात आणि सकाळी त्यांना दक्षिणेचं ऊन मिळतं. जानेवारीत वडील इथून मिरच्या घेऊन गेले होते. त्या दिवशी मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकले नाही.

म्हणून माझं वेळापत्रक द्राक्षासारखंच झालंय. बागेत एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नवी फूट यावी म्हणून केलेली छाटणी होते, तेव्हाच मी मिरचीच्या फांद्या निम्म्यावर आणते. नाहीतरी त्या दिवसांत फुलं टिकणार नसतात, मग झाडाला विसावा का देऊ नये? उन्हाळा आणि पावसाळा ते पूर्वेच्या खिडकीत काढतं, आणि सप्टेंबर संपता संपता दक्षिणेला जातं. बागेत फळ छाटणी, म्हणजे द्राक्षं यावीत म्हणूनची छाटणी सुरू होते तेव्हा माझ्याकडे कळ्या दिसायला लागतात. मिरची एका हंगामाचं पीक आहे असं आपण धरून चालतो, पण ती मुळात बहुवर्षायू आहे. माझी एक लवंगी आता तिसऱ्या वर्षात आहे, तिचं खोड करंगळीएवढं लाकडासारखं झालंय.

नवीन बी टाकायचं तर श्रावणात टाका. आठ-दहा दिवसांत उगवतं, पाच-सहा आठवड्यांनी मोठ्या कुंडीत हलवायचं, आणि थंडी सुरू होता होता फुलं येतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फुटवे फुटतात आणि झाड काचेकडे लांबत जात नाही. दर दोन-तीन दिवसांनी कुंडी थोडी फिरवायचीही सवय ठेवा.

कुंडी आठ-दहा इंची हवी, खाली भोक हवंच. नुसती काळी माती भरू नका. आपली माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत ती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. मी माती, कोकोपीट आणि गांडूळखत समसमान घेते. पाणी वरचा इंचभर थर कोरडा झाल्यावरच. आणि कडप्पा उन्हात किती तापतो ते हात लावून पाहा. काळा दगड आहे, कुंडीचं बूड भाजतं. खाली लाकडी पाट किंवा विटेचे दोन तुकडे ठेवा. खिडकीला निळी किंवा काळी काच असेल तर दिवसा ती सरकवून ठेवा, निदान पाच तास तरी ऊन उघडं मिळू दे.

पानं आकसायला लागली की आपण सगळ्यालाच बोकड्या रोग म्हणून मोकळे होतो. पण पान वरच्या बाजूला वळलं तर बहुधा फुलकिडे असतात, आणि उलट्या होडीसारखं खाली वळलं तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी बारीक कीड. घरात त्यांना खाणारे किडे नसतात, त्यामुळे दोन्ही झपाट्यानं वाढतात. मी आठवड्यातून एकदा पानांची मागची बाजू पाहते. काही दिसलं तर झाड न्हाणीघरात नेऊन पानं खालून धुते, आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल व दोन थेंब साबण घालून फवारते. आणखी एक, तंबाखू मळलेल्या हातानं मिरचीला हात लावू देऊ नका. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हाताला लागून मिरचीवर येऊ शकतो. वडीलसुद्धा आमच्याकडे आले की आधी हात साबणानं धुतात आणि मगच खिडकीशी जातात.

‘बाजारात दहा रुपयांत मूठभर मिळतात, एवढं कशाला?’ हेही कुणी ना कुणी विचारतंच. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, बुधवारच्या बाजारात मिळणाऱ्या मिरच्या मीही घेते, माझ्या पाच झाडांवर घर चालत नाही. पण तेल तापल्यावर झाडाची मिरची तोडून आणली आणि फोडणीत टाकली, तर जो वास उठतो तो बाजारच्या मिरचीला येत नाही. ठेच्याला तर ताजीच हवी.

तोडताना ओढू नका, मिरचीची फांदी कडकन मोडते. देठासकट कात्रीनं कापा. आणि हिरव्या असतानाच काढत राहा. मिरच्या झाडावर लाल होऊ दिल्या की नवी फुलं कमी होतात. मी प्रत्येक झाडावर फक्त एक फांदी लाल होऊ देते, बियांसाठी. ज्वालाच्या मागच्या हंगामातल्या बिया कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवल्यात. श्रावण लागायच्या आत या, एक पुडी तुमच्यासाठी बाजूला काढते.