पाटणादेवी, कन्हेरगड आणि पितळखोरा: खानदेशच्या दक्षिण कडेची तीन दिवसांची पायवाट

नवरात्राची यात्रा उठल्यानंतर चार दिवसांनी मी, पत्नी, धाकटा भाऊ आणि अकरावीत शिकणारी पुतणी असे चौघे सकाळच्या गाडीने चाळीसगाव स्थानकावर उतरलो. मुंबई-भुसावळ मार्गावरचे हे जंक्शन असल्यामुळे राज्याच्या कोणत्याही भागातून येथे पोहोचणे सोपे आहे. येथून नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर पाटणे गाव आहे आणि गावाच्या पुढे, सातमाळा-अजिंठा रांगेच्या अगदी पायथ्याशी, चंडिकादेवीचे म्हणजेच पाटणादेवीचे मंदिर आहे. आम्ही यात्रेनंतरचा आठवडा मुद्दाम निवडला. नवरात्रात संपूर्ण जळगाव-धुळे जिल्हा येथे लोटतो आणि दर्शनाला तो काळ उत्तम असला, तरी शांतपणे चालण्यासाठी नाही.

हा सारा परिसर गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. त्यामुळे नाक्यावर नोंद करून आणि शुल्क भरूनच आत जावे लागते, आणि अंधार पडण्यापूर्वी बाहेर यावे लागते. दिवसाचे नियोजन नाक्याच्या वेळांवरच बेतावे, कारण उजेड असेपर्यंतचे तासच काय ते हाती असतात.

मंदिरात दर्शन घेतल्यावर तेथील शिलालेखाची माहिती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांसमोर आणला. प्रसिद्ध गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्याने येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातल्या सामंतांनी त्या मठाला दाने दिली, असे हा तेराव्या शतकाच्या आरंभीचा लेख सांगतो. लेखाचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे आणि पाटणच्या (आजच्या पाटण्याच्या) बाजारातल्या मालावरचे काही उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. पुतणीला गणिताची गोडी आहे. ती बराच वेळ काही न बोलता उभी राहिली आणि मग म्हणाली, "काका, म्हणजे इथे बाजार भरायचा आणि त्याच्या पैशावर मुलं गणित शिकायची?" आता चारही बाजूंना रान आहे, पण पुढचे तीन दिवस त्या रानातून चालताना मला तो बाजार आणि तो मठ सारखा आठवत राहिला.

पहिल्या दिवशी आम्ही कन्हेरगड चढलो. पायथ्याला महादेवाचे जुने दगडी मंदिर आहे. त्याच्या बाह्य भिंतीवरचे कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात फार स्पष्ट दिसते, म्हणून तेथे आठच्या आत पोहोचावे. मंदिरापासून पायवाट झाडीतून वर चढते. पहिल्या टप्प्यावर नागार्जुन लेणे लागते. ते जैन लेणे असून आतल्या तीर्थंकरांच्या मूर्ती अंधाराला डोळे सरावल्यावर हळूहळू दिसू लागतात. पुढे सीतेची न्हाणी आणि शृंगार चावडी ही लेणी आहेत. गडाची चढण अवघड नाही, पण सुटे दगड आणि वाळलेले गवत यांमुळे पाय घसरतो. माथ्यावर पडके अवशेष आणि पाण्याची टाकी पाहत आम्ही कड्याच्या टोकाशी गेलो, तेव्हा दक्षिणेला डोंगराची काळी भिंत आणि उत्तरेला गिरणेच्या खोऱ्यातली कपाशीची शेते असा सारा देश एका नजरेत आला.

परतताना आमची चूक झाली. माथ्यावर शिदोरी सोडून आम्ही नको इतका वेळ रमलो आणि चार वाजता उतरायला लागलो. गुरांच्या वाटा आणि माणसांच्या वाटा तेथे एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की एका फाट्यावर आम्ही डावीकडच्या ओघळात शिरलो आणि वीस मिनिटांनी वाट एका तुटलेल्या कडेवर संपली. मोबाइलला रेंज नव्हती. भावाने सर्वांना आलो त्याच वाटेने मागे फिरायला लावले, नवी वाट शोधू दिली नाही, आणि तोच निर्णय योग्य ठरला. फाट्यावर परत येतो तोच शेळ्या घेऊन उतरणारे एक वयस्कर गुराखी भेटले. त्यांनी आम्हाला खाली आणून सोडले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, म्हणून आम्हीही नानाच म्हणू लागलो. त्यांनाच दुसऱ्या दिवशी वाटाड्या म्हणून येण्याची विनंती केली आणि त्यांची दिवसाची मजुरी आधीच ठरवून घेतली. पुढे येणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करावे.

दुसरा दिवस पितळखोऱ्याचा होता आणि सगळ्या सहलीत तोच सर्वांत समृद्ध ठरला. बहुतेक लोक कन्नडच्या बाजूने पठारावर गाडी नेतात आणि पायऱ्यांनी लेण्यांत उतरतात. पाटण्याकडून मात्र खोऱ्यातून, नदीचे पात्र कधी उजवीकडे तर कधी डावीकडे ठेवत, चालत जाता येते. आम्ही सहाला निघालो आणि थांबत थांबत अडीच तासांत पोहोचलो. ऑक्टोबरमध्ये पात्रात घोट्याएवढे पाणी होते. डोहांच्या कडेला ओल्या वाळूवर फुलपाखरांचे थवे बसले होते आणि जवळ गेले की सगळे एकदम उठत. एका ठिकाणी नानांनी थांबून ओल्या मातीतला बिबट्याचा ठसा दाखवला. त्यात पाणी झिरपायचे होते, म्हणजे तो ताजाच होता. तेथून पुढे त्यांनी आम्हाला एकमेकांपासून लांब चालू दिले नाही.

आकाश निरभ्र असतानाही नाना अधूनमधून पठाराकडे पाहत होते. मी कारण विचारले, तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, "तठे पानी पडनं, का आठे पूर येस." हे वाक्य या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे. खोरे अरुंद आहे आणि पठारावरचे सारे पाणी त्यातूनच खाली येते. जुलै-ऑगस्टमध्ये ही वाट धरूच नये, आणि सप्टेंबरमध्येही आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर लेण्यांना रस्त्यानेच जावे.

पितळखोऱ्याची बौद्ध लेणी दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. मऊ खडक आणि पाण्याची झीज यांमुळे बराच भाग कोसळला आहे, तरी चैत्यगृहातल्या खांबांवर रंगीत चित्रांचे अंश अजून टिकून आहेत आणि शेजारच्या विहाराच्या जोत्यावरची हत्तींची रांग पाहताना पाय निघत नाही. पैठणच्या एका गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या, कुळातल्या दात्याचे नाव येथील लेखात आहे. पैठणहून घाट उतरून खानदेशात येणारे व्यापारी याच डोंगराच्या वाटांनी गेले असतील, ही गोष्ट खोऱ्यातून चालत आलेल्या माणसाला गाडीने आलेल्यापेक्षा अधिक उमगते. येथेच सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती घडवणाऱ्याने तिच्यावर आपले नाव कोरले आहे: कण्हदास, सोनार. खानदेशी माणसाला हे नाव वाचून आपल्या गल्लीतल्या कुणाची ओळख पटल्यासारखे वाटते.

लेण्यांच्या छज्जांखाली आग्या मोहोळे आहेत. त्यांच्याखाली मोठ्याने बोलू नये, धूर करू नये आणि अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावून जाऊ नये. अंगावर फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. पाणी माणशी तीन लिटर लागते. पात्रातले पाणी स्वच्छ दिसले तरी गुरे त्यातच उतरतात, म्हणून ते पिऊ नये. घोट्याला आधार देणारे बूट आणि एक काठी एवढे पुरे. गवत वाढलेले असते, म्हणून पाय टाकण्यापूर्वी काठीने चाहूल द्यावी, कारण या भागात घोणस आहे. जेवणासाठी आम्ही गावातल्या एका घरी आदल्या रात्री सांगून ठेवले होते. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कांदा एवढी शिदोरी दिवसभर खराब होत नाही आणि चालणाऱ्याला तीच पुरते. मुक्कामाची खात्रीची सोय हवी असेल तर चाळीसगावात राहून पहाटे वाहन करावे. बस मोजक्या असल्याने परतीच्या वाहनाचे बोलणे सकाळीच करून ठेवावे.

तिसऱ्या दिवशी पाय जड झाले होते, म्हणून धवलतीर्थ आणि केदारकुंड हे दोन धबधबे एवढेच पाहिले. दोन्ही वाटा सोप्या आहेत आणि लहान मुलांना घेऊन जाता येतात. पाणी मात्र पावसाळ्याच्या शेवटी जेवढे असते तेवढे दिवाळीनंतर राहत नाही. डोहात उतरू नये, कारण तळाच्या दगडांवर शेवाळ असते.

ज्यांच्या हाती आणखी तीन-चार दिवस असतील त्यांनी खानदेशची उत्तर कडही पाहावी. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याहून वळणावळणाचा घाट चढून तोरणमाळला जाता येते. ते सुमारे ११५० मीटर उंचीवर असल्याने तेथे नोव्हेंबरपासूनच जाड पांघरूण लागते. यशवंत तलावाभोवतीची सकाळची फेरी आणि सीताखाईच्या कड्यापर्यंतची चाल यांसाठी दोन मुक्काम हवेत. महाशिवरात्रीला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, तेव्हा चालण्यासाठी जाणाऱ्यांनी ते दिवस टाळावेत. आजूबाजूच्या पाड्यांवर पावरा आणि भिल्ल कुटुंबे राहतात. शेतातून वाट जात असेल तर आधी विचारावे आणि कोणाचेही छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये.

निघताना नानांनी आम्हाला दिलेल्या चार काठ्या परत मागितल्या नाहीत, पण पुतणीने त्या त्यांच्या अंगणात भिंतीला नीट टेकवून ठेवल्या. पुढच्या मंडळींना त्या लागतील.