वजन कळतं, स्पर्श नाही

मंगळवार, रात्री

दुपारपासून उजव्या बाजूला खाज सुटली आहे आणि ती काही केल्या भागत नाही. नखं फिरतात नव्याने केलेल्या स्तनाच्या बधिर कातडीवर, खाज मात्र आत कुठेतरी, जो स्तन काढून टाकलाय त्यालाच सुटल्यासारखी. मध्येच सणकन वीज गेल्यासारखं होतं. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंना हे सांगितलं, तर त्या चक्क खूश झाल्या. म्हणाल्या, "छान! नसा जाग्या होताहेत." जाग्या होताना इतकी आदळआपट करायची काय गरज आहे, कोण जाणे.

त्यांनीच मग समजावून सांगितलं. छातीच्या कातडीला संवेदना देणाऱ्या नसा बरगड्यांच्या मधून येतात. स्तनाग्राकडे जाणारी मुख्य नस चौथ्या बरगडीखालची. मास्टेक्टॉमीत, म्हणजे स्तन काढायच्या शस्त्रक्रियेत, यातल्या बऱ्याचशा कापल्या जातात. तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेही वाट मोकळी असेल तर. जुना व्रण किंवा रेडिएशनने कडक झालेला भाग आडवा आला की तिथेच अडकते. म्हणून सगळं कडेकडून आत सरकतं. माझं तसंच चाललंय. वरची कड आणि छातीच्या मधल्या हाडाजवळची पट्टी कळायला लागली आहे. मधला भाग अजून कोरा. काखेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून दंडाची आतली बाजूही बधिरच आहे, पण तिच्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि मलाही तिचं फारसं काही वाटत नाही.

फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम म्हणजे डोळे मिटून कापूस, मऊ फडकं, खरखरीत टॉवेल असं एकेक फिरवायचं आणि काय आहे ते ओळखायचं. आधी चांगल्या बाजूवर, मग या बाजूवर. मी मधूनच डोळे किलकिले करते आणि बरोबर उत्तर दिल्याचा आनंद मानते. गंमत म्हणजे स्पर्शाआधी गारवा कळायला लागला. गरम मात्र अजून नीट कळत नाही, म्हणून शेकायची पिशवी या बाजूला पूर्ण बंद. अंघोळीचं पाणीही आधी हातावर घेऊन बघते. बधिर कातडी भाजली तरी बोंब मारत नाही.

नवरा हात ठेवतो आणि विचारतो, "कळतंय?" मी म्हणते, वजन कळतंय. खरंच तेवढंच कळतं. दाब खाली छातीपर्यंत पोचतो, वरचा हात पोचत नाही. तो प्रेमानेच विचारतो, पण प्रत्येक वेळी ती परीक्षा होते आणि मी नापास. काल सांगून टाकलं, विचारू नकोस, कळलं की मीच सांगेन. तो बरं म्हणाला आणि हात गळ्याशी नेला. तिथे कळलं.

पूर्वीचं जे होतं, अंगभर जाणारं, ते परत येईल अशी आशा मी ठेवलेली नाही. नवं स्तनाग्र म्हणजे टॅटू आहे, सुरेख आहे, पण रंगाला काय कळणार! बाकीच्या कातडीला टोचलेलं, भाजलेलं, जवळ घेतलेलं कळलं तरी पुष्कळ. त्यालाही दोन वर्षं लागू शकतात आणि कुणाला किती येईल हे आधी सांगता येत नाही.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. माझा नवा स्तन पोटाची कातडी आणि चरबी घेऊन केलाय. अशा शस्त्रक्रियेत काही सर्जन पोटाच्या त्या भागातली नस छातीतल्या नसेला जोडतात. खात्री नसते, सगळ्यांना जमण्यासारखंही नसतं, पण संवेदना जास्त आणि लवकर येण्याची शक्यता वाढते. मला हे ऑपरेशननंतर कळलं. आकार किती ठेवायचा, दोन्ही बाजू सारख्या कशा दिसतील, यावर मात्र भरपूर चर्चा झाली होती. फोटोसुद्धा दाखवले होते. सगळे म्हणतात, अगदी छान झालंय. सगळे म्हणजे बघणारे.

संध्याकाळी मावसबहिणीच्या जावेचा फोन आला होता. तिचं ऑपरेशन ठरतंय. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून शेवटी तिने विचारलं, "ताई, दिसतं कसं हो?"

म्हटलं, "दिसतं चांगलं. ते डॉक्टर आपणहून सांगतील. तू नसेचं विचार. जोडता येईल का, आणि नसेल तर का नाही, ते विचार. आणि तारीख ठरायच्या आधी विचार."