सोलरचे पैसे वसूल होतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्यात ज्याच्या गच्चीवर पाण्याचा सोलर आहे, त्याला हा प्रश्न चुकत नाही. लग्नात जेवायला शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा विचारतो, "मग, पैसे वसूल होतात का?" मी उलट विचारतो, "तुमची बाथरूम टाकीपासून किती लांब आहे?"

लोकांना वाटतं मी विषय टाळतोय. पण ऊन सगळ्यांना सारखंच मिळतं, फरक पडतो तो पाइपात. पाऊण इंची पाइपात मीटरमागे साधारण 0.3 लिटर पाणी मावतं. टाकीपासून नळापर्यंत 20 मीटर पाइप असेल, तर गरम धार लागायच्या आधी 6 लिटर गार पाणी येणार. ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरता येतं, हे खरं. पण आंघोळ झाली की तितकंच तापलेलं पाणी पाइपात उरतं आणि तिथेच निवतं. घरातली माणसं पाठोपाठ आंघोळी उरकत असतील तर हरकत नाही. एक सहाला, दुसरा नऊला, तिसरा रात्री कामावरून आल्यावर, असं असेल तर प्रत्येक वेळी तोच तोटा. म्हणून उंच इमारतीतल्या फ्लॅटवाल्याला मी सोलरच्या भरवशावर गीझर काढू नका असंच सांगतो. त्यांच्याकडे बहुधा सकाळी ठरावीक वेळेतच आणि एकाच बाथरूमला ते पाणी येतं.

आता हिशेब. 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 वर न्यायला साडेचार युनिटांच्या वर वीज लागते. पण 60 अंशांच्या पाण्याने कोण आंघोळ करतं? बादलीने आंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराचं हिवाळ्यात अडीच-तीन युनिटांत भागतं. युनिटला 10 रुपये धरले तर दिवसाला 25 ते 30 रुपये. एप्रिल-मे मध्ये गरम पाणी कुणालाच नको असतं, जुलै-ऑगस्टमध्ये ढगांमुळे टाकीतला हीटर लावावाच लागतो. म्हणजे कामाचे महिने सात-आठ, बचत सहा हजारांच्या आसपास. काचेच्या नळ्यांचा सोलर फिटिंगसकट 25-30 हजारांना पडला, तर चार-पाच वर्षांत पैसे सुटतात. मात्र महावितरणचा दर टप्प्यांचा आहे आणि सोलर वाचवतो ती वरच्या टप्प्यातली युनिटं. महिन्याला जेमतेम 100 युनिट जाळणाऱ्याला हा हिशेब बराच लांबतो. भाड्याच्या घरात तर विषयच नको.

अनुदानाचा गोंधळ हल्ली फार आहे. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेतले 3 किलोवॉटचे 78,000 रुपये वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहेत, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाहीत. गच्ची मोठी आणि बिलही मोठं असेल, तर माझं मत आधी पॅनेल लावा असंच आहे. जास्तीची वीज नेट मीटरमधून, म्हणजे येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरमधून, महावितरणकडे जाते, मे महिन्यातलं जास्तीचं गरम पाणी कुणाला द्याल? पण गच्चीवर दोन-अडीच चौरस मीटरच मोकळी असेल, तर तेवढ्या जागेत 100 लिटरचा सोलर जे काम करतो ते पॅनेलला जमणार नाही.

बोअरचं पाणी असेल तर तांब्याच्या पाइपांचा सपाट सोलर घेऊ नका, क्षारांनी आतून चोंदतो. काचेच्या नळ्या त्या मानाने टिकतात. फक्त रिकाम्या नळ्या भर दुपारी भरू देऊ नका. तापलेल्या काचेत गार पाणी गेलं की ती तडकते, आणि एक नळी फुटली तरी टाकीतलं सगळं पाणी गच्चीवर. प्लंबर नेमका बारालाच येतो. त्याला चहा पाजा, संध्याकाळपर्यंत थांबवा, आणि तेवढ्या वेळात गरम पाण्याच्या पाइपावर जाड फोम चढवून घ्या.