तुम्ही विचारलंत म्हणून : फोन कोण उचलणार?

वीज-पाण्याच्या प्रकल्पांच्या नियंत्रण यंत्रणा हे माझं काम आहे, असं कळलं की एक प्रश्न येतोच, बहुतेकदा गालातल्या गालात हसत : "एकमेकांवर पाळत ठेवणारे देश सायबर हल्ल्यात एकमेकांच्या मदतीला धावतील, हे तुम्हाला खरंच पटतं?"

पटतं. पण करारांच्या भरवशावर नाही. 23 डिसेंबर 2015 या एकाच तारखेचं बघा. त्या दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक ठराव केला : शांततेच्या काळात दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक सुविधांवर सायबर हल्ला करू नये, असं सांगणारा तज्ज्ञगटाचा अहवाल सर्व देशांनी मार्गदर्शक मानावा. आणि त्याच दिवशी पश्चिम युक्रेनच्या एका नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माऊसचा बाण आपोआप सरकू लागला. कर्मचारी बघत राहिले आणि एकेक ब्रेकर, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा मोठा खटका, बंद होत गेला. तीन वीजवितरण कंपन्यांचे सुमारे 2,25,000 ग्राहक अंधारात गेले. तक्रारीच्या फोनवर खोट्या कॉलचा भडिमार, त्यामुळे खऱ्या ग्राहकाला लाईनच मिळेना. शेवटी माणसं गाड्या काढून सबस्टेशनांवर गेली आणि हाताने ब्रेकर लावून आली. यंत्रणा जुनी होती म्हणून हाताने चालवता तरी आली, हे आम्ही लोक आपसात जरा हळू आवाजात बोलतो.

वर्षभराने कीव्हमध्ये पुन्हा वीज गेली. या वेळचं मालवेअर, म्हणजे घातपाती सॉफ्टवेअर, सबस्टेशनच्या उपकरणांशी थेट त्यांच्याच भाषेत बोलत होतं. स्लोव्हाकियातल्या 'ईसेट' कंपनीने ते सोडवून बघितलं, 2017 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. एप्रिल 2022 मध्ये त्याचाच नवा अवतार युक्रेनच्या वीजजाळ्यात सापडला. युक्रेनचं सायबर आपत्कालीन पथक आणि ईसेट यांनी मिळून तो ओळखला, डाव उधळला. आधीचा नमुना कुणीतरी उघड केलेला होता, म्हणून ओळख पटली. मी सहकार्य म्हणतो ते याला.

आता आमची खरी डोकेदुखी. नियंत्रण यंत्रणांमध्ये आजही सर्रास दिसणारा मॉडबस हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत, 1979 चा. उपकरणाचा पत्ता, कामाचा क्रमांक, माहिती आणि चुका तपासायचा आकडा, एवढाच त्याचा निरोप. "तू कोण?" हा प्रश्नच त्यात नाही. पंपाला "बंद हो" म्हटलं की पंप बंद होतो, सांगणारा कुणीही असो. धरण शंभर वर्षांच्या हिशेबाने बांधतात. संगणकाच्या सॉफ्टवेअरचं आयुष्य मात्र छोटं : विंडोज एक्सपी 2001 मध्ये आलं आणि 2014 मध्ये त्याचे अपडेट थांबले. टर्बाइन एका देशाचं, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, कर्ज तिसऱ्याचं. विसाव्या वर्षी त्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षेत भोक सापडलं तर ते बुजवायचं कुणी, आणि कुणाच्या पैशाने? करारात यावर बहुधा अवाक्षर नसतं. हमीचा काळ मात्र ठळक अक्षरात असतो.

एकदा एका जुन्या प्रकल्पाची आपत्कालीन संपर्कांची यादी उघडली. पहिला नंबर निवृत्त होऊन गेलेल्या गृहस्थांचा. त्यांनी आपुलकीने बोलून "आता मी बागकाम करतो" असं सांगितलं. दुसरीकडे पाठवलेला ईमेल परत आला. ती कंपनी दुसरीत विलीन झाली होती. तिसरा नंबर परदेशातल्या एका सायबर आपत्कालीन पथकाचा. तिथल्या बाईंनी रात्रीच्या वेळी फोन उचलला आणि पहिला प्रश्न केला, "ही माहिती कोणत्या रंगाची?" माहिती कुणापर्यंत पोचवायची, हे आमच्याकडे रंगांनी सांगतात : लाल म्हणजे बोलणाऱ्यांपुरतीच, पुढे कुणाला सांगायची नाही. देश कुठला, हे त्यांनी नंतर विचारलं.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी ती यादी घेऊन बसतो आणि एकेक नंबर लावून बघतो. मागच्या खेपेला दोन बदलावे लागले.