गावात मुली कमी, पटावर जास्त

आमच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर मुलग्यांपेक्षा मुली जास्त आहेत. तालुक्याच्या बैठकीत त्याबद्दल आमच्या शाळेचं नाव घेतलं गेलं, टाळ्या झाल्या. त्याच दुपारी मी एका पालकाला त्याच्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला, आणि तेव्हापासून त्या टाळ्या मला टोचतायत.

मी बीड जिल्ह्यात मुख्याध्यापक आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे फक्त ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. म्हणजे शंभर लेकरांत जेमतेम ४५ मुली. पुढच्या काळात प्रमाण सुधारलं, पण कितीही सुधारलं तरी जन्माला मुलगे थोडे जास्तच येतात. मग पटावर निम्म्याहून जास्त मुली आल्या कुठून? बैठकीत हे कुणीही विचारलं नाही. शाळांची माहिती भरायच्या सरकारी पोर्टलवर आकडा हिरवा दिसला की आमच्या खात्यात विचार करणं थांबतं.

उत्तर रोज सकाळी पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश मीडियमला जातं. त्या व्हॅनमध्ये मुलगे जास्त असतात.

दाखला न्यायला आलेल्याची जुळी लेकरं आमच्याकडे चौथीत. एक मुलगा, एक मुलगी. जनरल रजिस्टरमध्ये एकाखाली एक ओळ, जन्मतारीख तीच, प्रवेशाचा दिनांकही तोच. अर्ज फक्त मुलाचा होता.

"आणि ताईचा?" मी विचारलं.

"दोघांची फी झेपत नाही, सर. तिचं इथं बरं चाललंय की." मग जरा थांबून त्याने विचारलं, "भाऊ गेला म्हणून तिचा गणवेश बंद नाही ना व्हायचा?"

दाखला लिहिणं हे बाहेरच्यांना कारकुनी वाटतं. पण त्यातली प्रत्येक नोंद जनरल रजिस्टरशी तंतोतंत जुळावी लागते. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, दोन्ही. याच कागदावर पुढे जातीचा दाखला उभा राहतो, म्हणून खाडाखोड मी चालू देत नाही. पोर्टलवर मूल ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत टाकायचं, तिथून नवी शाळा त्याला पेन नंबरावरून, म्हणजे त्याच्या कायमच्या विद्यार्थी क्रमांकावरून, उचलते. शेवटी रजिस्टरमध्ये ‘शाळा सोडल्याचे कारण’. तिथे मी लिहिलं, ‘पालकांची विनंती’. गेल्या काही वर्षांतल्या ओळी पाहिल्या तर बहुतेक मुलग्यांपुढे हेच कारण आहे.

तो गेल्यावर मी जुनं रजिस्टर काढलं. हा बापही आमच्याच शाळेचा विद्यार्थी. त्याच्या थोडं वर त्याच्या मोठ्या बहिणीची नोंद आहे. दुसरीतून नाव कमी, कारण ‘सतत गैरहजर’. घर ऊसतोडीला जायचं. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेली घरं फडावर निघाली की पोरी धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जात. त्या काळात अशा पानांवर ‘सतत गैरहजर’ हा शेरा मुलींपुढेच जास्त सापडतो. आणखी मागे गेलं तर पानंच्या पानं मुलीचं नाव नाही.

देशाचे आकडेही तसेच चढत आले. १९५०-५१ मध्ये प्राथमिक शाळेतल्या शंभर लेकरांत २८ मुली होत्या. १९९०-९१ मध्ये ४१, २००० च्या सुमाराला ४४. यामागे खरं काम आहे. गरीब घरातली मुलगी हजर राहावी म्हणून राज्याने दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता दिला. आमच्या आधीच्या गुरुजींनी वाड्यावस्त्यांवर पायपीट केली. सरपंचाच्या दारात बसून हंगामी वसतिगृहं चालू करवून घेतली, म्हणजे आईबाप फडावर गेले तरी लेकरू गावात राहील. त्या कष्टांना मी कमी लेखणार नाही. या माणसाची बहीण दुसरीत गळाली, त्याची मुलगी चौथीत रोज हजर आहे.

म्हणूनच त्याच्यावर रागावता येत नाही. पण घरात एकाच्याच फीचे पैसे असले की ते कुणावर खर्च होणार, हे आधीच ठरलेलं असतं. आणि त्या निवडीमुळे आमचा टक्का वर जातो! भाऊ निघून गेला म्हणून बहिणीचा वाटा वाढला, याला मुलींच्या शिक्षणातली प्रगती म्हणायला माझं मन धजत नाही. आमच्या शिक्षकांनाही हे रोज दिसतं. तरी ते बोलत नाहीत, कारण पट घसरतोय हा विषय निघाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, कुणाचं पद जाईल याचीच धास्ती.

मी अंगणवाडीताईंकडून गावातल्या लेकरांची यादी मागवली आणि घरोघरी जाऊन प्रत्येक भावंड कुठे शिकतं ते लिहायला घेतलंय. मुलगी आमच्याकडे आणि भाऊ व्हॅनमध्ये, अशी घरं वेगळी काढतोय. पोर्टलवर त्यासाठी रकाना नाही, म्हणून हे पान मी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या हातात देणार आहे.

आमच्याकडे वर्ग पाचवीपर्यंतच. सहावीला त्या जुळ्यांतल्या मुलीला बाहेर पडावंच लागेल, तेव्हा बापापुढे पुन्हा पैशाचा प्रश्न येणार. नवोदयला राहणं-जेवण सरकारचं, आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. परीक्षा पाचवीत होते. तिचा सराव मी आत्ताच, चौथीतच सुरू केलाय. गणित बरं आहे, उताऱ्यावरच्या प्रश्नांत अजून अडखळते.